वाढवलं म्हणायचं

नाना पेठेत, स्पेअरच्या दुकानांमागच्या बोळात,
रात्री साडेनऊला मी कबूल केलं:
सात नंबरचा बोल्ट मीच मारला.

काळोख्यांचा टेम्पो. हेड उतरवलं, घासून आणलं,
नवी गॅस्केट, सगळं बैजवार.
शेवटच्या आवळणीला हाताला वाटलं, अजून एक पाव.
पाव फेरा. तेवढाच.
आधी पाना जड होता,
मग हलका झाला.
हलका झालेला पाना किती जड असतो
ते ज्याच्या हातात असतो त्यालाच कळतं.

परत हेड उतरवलं. बोल्टाच्या खाचांत
बिडाचा काळा चुरा, आईच्या मिसरीसारखा.
भोकात बॅटरी मारली.
आटे असायचे तिथं
नुसती गोल चकाकी.

मी शिव्यांची वाट बघत उभा.
मुनीरभाईंनी हात पुसले, चष्मा कपाळावर नेला,
म्हणाले, "चुडी गई."

आट्यांना गॅरेजात चुडी म्हणतात,
आणि मी कासाराचा.
रविवार पेठेत आमच्या ओट्यावर
तीस वर्षं आईनं बायकांचे हात भरले.
हात कितीही टणक असो, घाई नाही.
अंगठ्याचा सांधा दाबायचा, बोलण्यात गुंतवायचं,
"माहेर कुठलं गं तुझं?" म्हणेपर्यंत
बांगडी मनगटात.
एखादी तडकलीच, तर फुटली म्हणायचं नाही.
वाढवली म्हणायचं.
आणि आपल्या हातनं वाढवलेलीचे
पैसे घ्यायचे नाहीत.

बिडातही वाढवावंच लागतं.
गेलेले आटे परत येत नाहीत,
अर्धेमुर्धे उरलेत तेही काढायचे,
भोक आधी आणखी मोठं करायचं.
मुनीरभाईंनी सिलिंडरांत चिंध्या कोंबल्या
आणि ड्रिल माझ्याच हातात दिलं.
"तुझ्या हातानं गेली, तुझ्याच हातानं बसव."
गुण्या लावला. परत लावला.
तिसऱ्यांदा लावला तेव्हा ते म्हणाले,
"आता काय पत्रिका बघतोस?"

मग टॅप. त्याला ग्रीस, चुरा धरून ठेवायला.
अर्धा फेरा पुढं, पाव मागं.
अर्धा पुढं, पाव मागं.
मला नडलेला तोच पाव
इथं दर वेळी परत द्यायचा.

मधेच काळोखे चहा घेऊन आले,
स्वतःच्या पैशाचा. ते जास्त लागलं.
पहाटे चारला यवतला शेवंती भरायची होती.
"होईल ना?"
मुनीरभाई काहीच बोलले नाहीत.
"होईल," मी म्हणालो, टॅपवरची नजर न काढता.

पुडीतून तार काढली. स्टीलची, वेटोळी,
करंगळीत बसेल एवढी.
ही आतून भरायची बांगडी.
फिरवत, किंचित आवळत उतरवायची,
काठापासून अर्धा आटा खाली.
आत गेली की ती फुगते, भिंतीला रेलते,
जागा धरते.
तळाशी तिचं शेपूट.
त्यालाच धरून तिला इथवर आणलं,
आता तेच मोडायचं.
टक्.
एवढ्याशा आवाजासाठी रात्रीचा एक वाजला होता.
चिमट्यानं शेपूट काढलं, मोजल्यासारखं बघितलं,
खिशात टाकलं.

हेड बसलं. काट्याचा पाना मुनीरभाई
जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून ठेवतात, तो निघाला.
तीन टप्पे. तिसऱ्याला पाना म्हणाला, कट्.
हात म्हणाला, अजून एक पाव.
मी हात काढून घेतला
आणि पँटला पुसत राहिलो, उगाच.

अडीचला इंजिन लागलं.
काळोख्यांनी मजुरी विचारली.
"वाढवलेलीचे घेत नाही," मी म्हणालो.
त्यांना काही कळलं नाही. मुनीरभाईंनी
गॅस्केटचे तेवढे घेतले.

आमच्या दुकानातली नेलपेंटची बाटली असते माझ्याकडे, लाल.
टेम्पो निघायच्या आधी
सात नंबरच्या डोक्यावर एक ठिपका दिला.
पुढं कधी, कुठं, कुणी हे हेड खोलेल,
त्या मिस्त्रीला दिसावं:
जरा जपून.
इथं वाढवलंय.